चौदा जणांच्या कार्यालयात बीआयएम आणताना : बेळगावातलं एक प्रकरण

साइटवर ‘बिम’ म्हटलं की गवंड्याच्या डोळ्यांसमोर तुळई येते. म्हणून या लेखात बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंगला, म्हणजे इमारतीचं माहितीसह त्रिमितीय मॉडेल करण्याच्या पद्धतीला, सगळीकडे बीआयएम असंच म्हटलं आहे. प्रकरणासाठी घेतलेलं कार्यालय हा नमुना आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मधल्या आकाराची वास्तुविशारद कार्यालयं जशी चालतात, तसं ते उभं केलं आहे. त्यातले आकडे नियोजनासाठी धरलेले आहेत. कामाची रीत आणि होणाऱ्या चुका मात्र रोजच्या व्यवहारातल्या आहेत.

कार्यालय टिळकवाडीत. माणसं चौदा: दोन भागीदार, चार वास्तुविशारद, पाच ड्राफ्ट्समन, अंदाजपत्रक करणारा एक इंजिनिअर, एक साइट इंजिनिअर आणि हिशेब-पत्रव्यवहार पाहणारे एक. शहरात अपार्टमेंट, खानापूर-निपाणीकडे शाळा, हद्दीपलीकडे चंदगड-गडहिंग्लजला बंगले. सगळं काम ऑटोकॅडवर, म्हणजे द्विमितीय नकाशांत. आता हातात तळमजला अधिक तीन मजल्यांचं नर्सिंग होम आलं आहे, बांधकाम क्षेत्र सुमारे २,४०० चौरस मीटर. भागीदारांनी ठरवलं आहे की हे काम बीआयएममध्ये करायचं. पहिला बेत सोपा: रेव्हिट या बीआयएम सॉफ्टवेअरची पाच लायसन्स घ्यायची, पाच जणांना क्लासला पाठवायचं आणि सुरुवात करायची.

असा बेत बहुतेक ठिकाणी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात अडतो. क्लासमध्ये भिंत काढायला शिकवतात. त्या भिंतीतली माहिती कोणासाठी भरायची, ती कोण वाचणार, हे शिकवत नाहीत. त्याहून मोठी अडचण कार्यालयाच्या बाहेर आहे. स्ट्रक्चरल सल्लागार ईटॅब्स या सॉफ्टवेअरमध्ये गणित करतात आणि द्विमितीय नकाशे पाठवतात. प्लंबिंगचा ठेकेदार छापील नकाशावर लाल पेनानं पाइप दाखवतो. मंजुरीच्या छाननीला ठरावीक लेयरची द्विमितीय फाइल लागते. बांधकामाचा ठेकेदार मुरूम आणि वाळू ब्रासमध्ये (१०० घनफूट) मोजतो. म्हणजे मॉडेल कितीही चांगलं झालं तरी ते कार्यालयाच्या उंबऱ्यापर्यंतच जातं. नियोजन करायचं ते त्या उंबऱ्यावर बसून: आत काय येतं आणि बाहेर काय जातं, याची आधी नोंद हवी.

आवक-जावक वही

पहिले दोन आठवडे संगणकाला हात न लावता काढावेत. गेल्या तीन पूर्ण झालेल्या कामांच्या फायली काढून एक वही करावी: कोणता नकाशा कोणाकडून आला, कोणत्या रूपात आला, किती वेळा बदलला, कोणाला दिला आणि समोरच्यानं तो कशासाठी वापरला. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. त्या नकाशांपैकी कितींवर साइटवरून फोन आले, हे साइट इंजिनिअरला तोंडपाठ असतं. ते लिहून घ्यावं.

बीआयएमचे उपयोग मोजायला बसलं तर दोन डझन सहज होतात. वहीतला शेवटचा रकाना समोर ठेवला की त्यांतले तीनच उरतात. प्लॅन, छेद आणि दर्शनी नकाशे एकमेकांशी जुळणं. बांधकाम, गिलावा आणि काँक्रीटचं प्रमाण काढणं. नर्सिंग होमच्या कॉरिडॉरमध्ये आणि शाफ्टमध्ये (पाइपांच्या उभ्या पोकळीत) पाइप-डक्ट एकमेकांत न अडकणं. वेळापत्रक जोडलेलं चौमिती मॉडेल, ऊर्जेचं विश्लेषण, सळईचं मॉडेल हे सगळं पहिल्या वर्षी बाजूला. सळईची यादी स्ट्रक्चरल सल्लागार देतात आणि बारबेंडर तीच वाचतो. तेच काम मॉडेलमध्ये पुन्हा केलं तर वाचणारं कोणी नाही. नागपूर मेट्रोसारख्या कामात मालकच वेळ आणि खर्च जोडलेलं मॉडेल मागतो, तिथे गणित वेगळं. इथला मालक डॉक्टर आहे आणि त्याला खोल्या वेळेवर सुरू व्हायला हव्या आहेत.

हद्दीच्या दोन्ही बाजूंना काम असल्यानं एक गोष्ट सुरुवातीलाच साच्यात, म्हणजे टेम्प्लेटमध्ये, घालावी लागते. प्लॉटच्या मानानं किती बांधता येतं त्या प्रमाणाला कर्नाटकात एफएआर म्हणतात, महाराष्ट्रात एफएसआय, आणि कोणतं क्षेत्र धरायचं, कोणतं सोडायचं याचे नियम सारखे नाहीत. चंदगडच्या कामाला महाराष्ट्राची २०२० ची एकत्रित नियमावली, बेळगावच्या कामाला इथले झोनिंगचे नियम. म्हणून साच्यात क्षेत्रफळाच्या दोन वेगळ्या योजना ठेवाव्यात. एकाच योजनेत हातानं आकडे बदलत राहिलं की तिसऱ्या सुधारणेत कोणीतरी जुना आकडा छापतो.

मॉडेलची मापं आणि आयएस १२००

अंदाजपत्रक करणाऱ्या इंजिनिअरचा मॉडेलवरचा विश्वास पहिल्याच तक्त्यात उडतो, आणि त्यात त्याची चूक नसते. मॉडेल जे खरोखर काढलं आहे तेच मोजतं. बिलाची मापं आयएस १२०० या मापं घेण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे घेतात. दोन्ही बरोबर असून जुळत नाहीत.

गिलाव्याचं उदाहरण घेऊ. आयएस १२०० प्रमाणे ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट नाही. ०.५ ते ३ चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूची वजावट करतात, दुसरी बाजू खिडकीच्या कडांच्या गिलाव्यापोटी सोडतात. ३ च्या वर दोन्ही बाजू वजा करून कडा वेगळ्या धरतात. मॉडेलला यातलं काही माहीत नाही. ते दोन्ही बाजू वजा करतं, कडाही धरत नाही. १.५ बाय १.२ मीटरची खिडकी म्हणजे १.८ चौरस मीटर. अशा ४० खिडक्यांसाठी मॉडेल १४४ चौरस मीटर वजा करतं, मापवही ७२. उरलेले ७२ चौरस मीटर म्हणजे साडेसात ब्रासहून (इथे १०० चौरस फुटांचा ब्रास) जास्त गिलावा तक्त्यात कमी दिसतो. टॉयलेटच्या ०.६ बाय ०.६ च्या व्हेंटिलेटरची तर मुळात वजावटच नको, पण मॉडेल तीही करतं. उपाय असा की दारं-खिडक्यांच्या फॅमिलीत, म्हणजे मॉडेलमधल्या तयार नमुन्यांत, क्षेत्रफळाचा एक रकाना ठेवायचा आणि तक्त्यातल्या सूत्रानं वजावट परत मिळवायची. हे काम अंदाजपत्रकवाल्यानं आणि मॉडेल करणाऱ्यानं शेजारी बसून एकदाच करायचं. मग तो तक्ता साच्यात राहतो.

भिंतीचा घोळ याच्या उलट दिशेनं, म्हणजे जास्तीकडे जातो. नवशिका माणूस २३० मिमीची भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सरळ ओढतो. ती कॉलममधून जाते. कॉलम २३० बाय ४५०, तुळईखालची उंची २.८५ मीटर धरली तर प्रत्येक कॉलमपाशी जवळजवळ ०.३ घनमीटर वीटकाम दोनदा मोजलं जातं. २८ कॉलम, चार मजले: ३३ घनमीटर. ठेकेदाराच्या भाषेत साडेअकरा ब्रास. भिंत तुळईच्या खाली न थांबवता वरच्या स्लॅबपर्यंत नेली, तर ४५० मिमी खोल तुळईमागे दर धावत्या मीटरला आणखी ०.१ घनमीटर वाढतं.

यावर क्लासमध्ये दोन वस्तूंचा दुहेरी भाग कापून टाकणारी ‘जॉइन’ची आज्ञा शिकवतात. ती एकाच फाइलमध्ये चालते. स्ट्रक्चरची फाइल वेगळी ठेवून ती आर्किटेक्चरच्या फाइलला जोडलेली असेल, तर दोन फायलींमधल्या वस्तू एकमेकींना कापत नाहीत. हे ठाऊक नसल्यानं नेटकेपणानं फायली वेगळ्या ठेवणारं कार्यालयच जास्त फसतं. म्हणून नियम लिहून ठेवायचा: वीटकामाची भिंत कॉलमच्या तोंडाशी थांबेल आणि तुळईच्या तळाशी संपेल. काढायला वेळ जास्त लागतो. पण गवंडी भिंत अशीच बांधतो, आणि मॉडेल बांधकामाच्या क्रमानं काढलं की मापं आपोआप सुधारतात.

तक्त्याच्या शेवटी एक रकाना ब्रासचा ठेवावा. १०० घनफूट म्हणजे २.८३ घनमीटर. मॉडेल मिलिमीटरमध्ये, अंदाजपत्रक घनमीटरमध्ये आणि साइटवरची मागणी ब्रासमध्ये, असं तीन ठिकाणी असेल तर रूपांतर कोणीतरी फोनवर तोंडी करतो. चूक तिथेच शिरते.

कॉरिडॉरचा एक छेद

कशात किती बारकावा भरायचा यासाठी एलओडीचे (लेव्हल ऑफ डेव्हलपमेंट) टप्पे वापरतात: २०० म्हणजे अंदाजे आकार, ३०० म्हणजे नेमकं माप आणि जागा, ३५० म्हणजे शेजारच्या वस्तूशी जोडणी आणि आधारांसह. सगळी इमारत ३५० ला नेण्याचा हट्ट पहिल्या कामात धरला की काम बुडतं. नर्सिंग होमच्या खोल्यांतलं फर्निचर २०० ला पुरे. भिंती, स्लॅब, कॉलम ३०० ला. ३५० फक्त कॉरिडॉरच्या फॉल्स सीलिंगवरच्या जागेला आणि टॉयलेटच्या शाफ्टला.

त्याचं कारण एका छेदात दिसतं. मजल्याची उंची ३,३०० मिमी. त्यातून तुळई ४५० आणि फरशीचा थर ५० वजा केला की फरशीपासून तुळईच्या तळापर्यंत २,८०० उरतात. फॉल्स सीलिंग २,४०० वर. मधे ४०० मिमी. त्यातले ५० सीलिंगच्या सांगाड्याला जातात. ३०० मिमी उंचीचा एसीचा डक्ट आणि वर-खाली २५-२५ मिमी इन्सुलेशन घेतलं की ३५० पुरते भरले. आता वरच्या मजल्याच्या टॉयलेटची ११० मिमीची ड्रेनेज पाइप याच कॉरिडॉरमधून सहा मीटरवरच्या शाफ्टकडे न्यायची आहे. १:६० उतारानं ती सहा मीटरमध्ये १०० मिमी खाली येते. तिला जागाच नाही. मेडिकल गॅसची लाइन आणि केबल ट्रे अजून मोजलेच नाहीत.

प्लॅनवर पाहिलं तर डक्ट एका रेषेत, पाइप दुसऱ्या रेषेत, कुठेच काही चुकलेलं दिसत नाही. हा प्रश्न स्लॅब पडल्यावर कळला तर प्लंबर तुळईला कोअर मारायला, म्हणजे आरपार भोक पाडायला, निघतो आणि स्ट्रक्चरल सल्लागार नाही म्हणतात. त्यांनी तसं म्हणायलाच हवं. मॉडेलमध्ये हाच प्रश्न शाफ्ट टॉयलेटच्या पाठीला आणून सुटतो.

टकरा शोधणाऱ्या नेव्हिसवर्क्स या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्याविरुद्ध सगळं अशी टक्कर-तपासणी कधी लावू नये. पाइप भिंतीतून जाते, दाराची चौकट गिलाव्याला लागते, अशा हजारो निरुपयोगी टकरा यादीत येतात आणि खरी टक्कर त्यात दडते. जोड्या ठरवून घ्याव्यात: डक्ट विरुद्ध तुळई, ड्रेनेज विरुद्ध तुळई, ड्रेनेज विरुद्ध डक्ट, केबल ट्रे विरुद्ध पाइप. २५ मिमीपेक्षा कमी शिरकाव सोडून द्यावा. दर शुक्रवारी तपासणी, प्रत्येक टकरीपुढे एका माणसाचं नाव आणि तारीख.

सर्व्हेची फाइल

या भागात पहिल्या दिवशी हमखास होणारी गडबड सर्व्हेच्या नकाशाची. बेळगाव यूटीएम या नकाशा-निर्देशांक पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतं. जीपीएसवर केलेल्या सर्व्हेत पूर्वेचा आकडा साडेचार लाख मीटरच्या आसपास आणि उत्तरेचा साडेसतरा लाखांच्या घरात असतो. रेव्हिटमध्ये भूमिती आतल्या मूळबिंदूपासून सुमारे १६ किलोमीटरच्या आत असावी लागते. सर्व्हेची फाइल तशीच आणली तर प्लॉट मूळबिंदूपासून शेकडो किलोमीटरवर पडतो: रेषा थरथरतात, हॅच तुटतात, स्नॅप सरकतो. मग कोणीतरी प्लॉट हातानं ओढून जवळ आणतो आणि खरे निर्देशांक कायमचे हरवतात.

योग्य क्रम असा: ऑटोकॅडमध्ये प्लॉटचा एक पक्का कोपरा, शक्यतो हद्दीच्या दगडाचा, शून्याजवळ सरकवायचा. किती सरकवला ते मिलिमीटरपर्यंत वहीत लिहायचं. मग मॉडेलमध्ये सर्व्हे पॉइंटला खरे आकडे द्यायचे. उंचीचंही तसंच. शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, पण सर्व्हेअर पुष्कळदा फाटकाजवळच्या दगडाला १०० मीटर मानून मापं देतो. कोणती पद्धत आहे ते विचारून घ्यावं, आणि सगळ्या सल्लागारांना तोच बिंदू, कॉलमच्या रेषांच्या त्याच ग्रिडसह, एका पानावर द्यावा. ग्रिडच्या अक्षरांत ‘आय’ आणि ‘ओ’ वगळावेत, साइटवर ते एक आणि शून्य म्हणून वाचले जातात.

यंत्रं, वीज, फायली

पाच जागा पुरतात: दोन वास्तुविशारद, दोन ड्राफ्ट्समन, एक अंदाजपत्रकवाला. बाकीचे ऑटोकॅडवरच राहतील. रेव्हिटची स्वस्तातली एलटी आवृत्ती मोहात पाडते, पण एका मॉडेलवर एका वेळी अनेकांनी काम करण्याची सोय तिच्यात नाही, त्यामुळे या प्रकरणात ती बाद. नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणून काम संपेपर्यंत आवृत्ती गोठवायची, वरचेवर येणाऱ्या अपग्रेडच्या सूचना कितीही आल्या तरी.

संगणक घेताना कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग पाहावा. मॉडेलिंगचं बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं. रॅम फाइलच्या आकाराच्या वीसपट धरतात. ३०० मेगाबाइटच्या फाइलला सहा गिगाबाइट, जोडलेल्या फायली आणि बाकीची सॉफ्टवेअर धरून ३२ ठेवावी. सर्व्हरपर्यंत कॅट-६ केबल. वायफायवर मॉडेल चालवू नये.

मुख्य फाइल सर्व्हरवर, आणि प्रत्येकानं आपल्या संगणकावरच्या स्थानिक प्रतीत काम करून ती वेळोवेळी जुळवायची. तीन गोष्टींनी हे मोडतं. कोणीतरी थेट मुख्य फाइल उघडतो. कोणीतरी ती पेनड्राइव्हवर घरी नेतो आणि सोमवारी दोन ‘मुख्य’ फायली होतात. किंवा खर्च वाचवायला ती गूगल ड्राइव्हसारख्या आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवतात. तिथे दोन प्रती एकमेकींवर लिहितात आणि फाइल खराब होते. जुळवणी चालू असताना वीज गेली तरी हाच धोका. पावसाळ्यात वीज दिवसातून दोन-तीनदा जाणार हे धरून चालावं. संगणकांबरोबर सर्व्हर आणि नेटवर्क स्विच दोन्ही यूपीएसवर असले पाहिजेत. स्विच हमखास विसरला जातो.

बीआयएममधली माहिती हाताळण्याच्या आयएसओ १९६५० या मानकाचे पहिले दोन भाग २०१८ मध्ये आले. छोट्या कार्यालयानं प्रमाणपत्राच्या मागे न लागता त्यातल्या दोन गोष्टी उचलाव्यात. एक, माहितीच्या चार अवस्था: चालू, सामायिक, प्रसिद्ध, संग्रह. तशी चार फोल्डर, आणि ‘चालू’मधली फाइल बाहेर कोणालाही द्यायची नाही. दुसरी, फाइलचं नाव: प्रकल्प, कोणाचं काम, मजला, प्रकार, क्रमांक, सुधारणा, याच क्रमानं, रोमन अक्षरांत. नकाशाच्या शीर्षकपट्टीत कन्नड आणि मराठी दोन्ही लागतात. ती फक्त युनिकोडमध्ये असावीत. जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर किंवा आयएफसी या सामायिक बीआयएम स्वरूपाच्या फाइलमध्ये वाचता येत नाही.

माणसं आणि महिने

एप्रिलमध्ये आवक-जावक वही, मे महिन्यात साचा. मृग लागला की खानापूर-जांबोटीकडच्या साइट मंदावतात, कार्यालयावरचा ताण उतरतो. प्रशिक्षण तेव्हाच. रोज सकाळी दोन तास, आठवड्याला सहा दिवस, पाच आठवडे, म्हणजे ६० तास. त्यानंतर जुलै-ऑगस्टमध्ये नवं काम न घेता बांधून झालेला एक दुमजली बंगला पुन्हा मॉडेलमध्ये करायचा. त्याची मापवही हाताशी असते, उत्तरं माहीत असतात, आणि कुठे चुकतंय ते लगेच कळतं. सप्टेंबरपासून नर्सिंग होम.

सगळी जबाबदारी नुकत्याच पास झालेल्या मुलाकडे देण्याची चूक फार होते. इथल्या अभियांत्रिकी आणि वास्तुकलेच्या कॉलेजांतून येणाऱ्या मुलांना सॉफ्टवेअर चांगलं येतं, पण तुळईखाली भिंत कशी थांबते हे त्यांनी पाहिलेलं नसतं. वीस वर्षांच्या ड्राफ्ट्समनला ते डोळे मिटून ठाऊक असतं. त्याला वाटतं, आता आपली गरज संपली. दोघांची जोडी लावावी आणि मॉडेलच्या तपासणीवर सही ड्राफ्ट्समनची ठेवावी. त्याचा अनुभव मॉडेलमध्ये उतरला नाही तर हा सगळा खर्च फुकट आहे. समन्वयक म्हणून एका वास्तुविशारदाचा अर्धा वेळ मोकळा करावा, म्हणजे त्याच्याकडची दोन कामं खरोखर दुसऱ्याला द्यावी.

पहिल्या कामाला नेहमीच्या दीडपट वेळ धरावा. हा वेळ सुरुवातीला लागतो. पूर्वी बांधकाम चालू असताना सुटणारे प्रश्न आता मंजुरीआधीच समोर येतात. फीचे हप्ते मात्र जुन्याच टप्प्यांवर राहिले तर चौथ्या महिन्यात पगाराला पैसे कमी पडतात. मालकाशी करार करताना नकाशांच्या टप्प्यावरचा हप्ता वाढवून, देखरेखीवरचा तेवढाच कमी करावा.

बाहेरच्यांशी करार

स्ट्रक्चरल सल्लागारांनी मॉडेल द्यावं असा आग्रह पहिल्या कामात धरू नये. कार्यालयानं त्यांच्या नकाशांवरून स्ट्रक्चरचं मॉडेल स्वतः करावं आणि त्याचे छेद छापून त्यांना तपासायला द्यावेत. करारात एक वाक्य हवंच: मॉडेल आणि सही केलेला नकाशा यांत फरक आढळला तर सही केलेला नकाशा ग्राह्य. त्याचबरोबर फरशीची पातळी आणि स्लॅबची पातळी यांतले ५० मिमी कोण धरणार, टॉयलेटचा खड्डा किती खोल, बदल झाला तर किती दिवसांत कळवायचं, हे एका तक्त्यात लिहावं. त्या तक्त्यात प्रत्येक घटकासमोर कोण काढणार, कोणत्या टप्प्याला आणि किती बारकाव्यानं, एवढे तीनच रकाने पुरतात.

ठेकेदाराला मॉडेल नको असतं. त्याला प्रत्येक मजल्याचा सेंट्रिंगचा प्लॅन, पाइपच्या भोकांच्या जागा आणि ब्रासची यादी हवी असते. मॉडेलमधून हे तीन कागद आधी निघाले पाहिजेत. रंगीत त्रिमितीय चित्र मालकाला दाखवायला ठीक.

दुसऱ्या कामाआधी

नर्सिंग होमचं आरसीसी आणि वीटकाम संपल्यावर तीन आकडे काढावेत. मॉडेलचं वीटकाम आणि मापवहीतलं वीटकाम यांत तीन टक्क्यांपेक्षा कमी फरक आहे का. नकाशातल्या विसंगतीवरून साइटवरून आलेले फोन वहीतल्या जुन्या कामांपेक्षा किती कमी झाले. तुळईला कोअर मारावा लागला का. वीटकाम जुळत नसेल तर सहावं लायसन्स घेऊ नये, भिंतीचा नियम कुठे मोडला ते शोधावं. तिन्ही जमले तर उरलेल्या तीन ड्राफ्ट्समनना पुढच्या पावसाळ्यात बसवावं, आणि त्यांना शिकवायला पहिल्या जोडीतलाच ड्राफ्ट्समन द्यावा.

काम बंद करताना मूळ फाइल, आयएफसी, पीडीएफ आणि डीडब्ल्यूजी अशा चारही रूपांत संग्रह करावा. आवक-जावक वहीच्या शेवटच्या पानावर सॉफ्टवेअरची आवृत्ती, प्लॉट सरकवल्याचे आकडे आणि उंचीचा दगड कोणता ते लिहावं. तीन वर्षांनी डॉक्टर आणखी एक मजला चढवायचं विचारायला येतील, तेव्हा आधी हेच पान उघडावं लागेल.